निळी गाडी, पांढरे डाग: धुतल्यानंतर वाळवण्याच्या प्रकल्प नोंदी

रविवार, २३ फेब्रुवारी

काम: गाडी घरीच धुवायची, पाइप न लावता, आणि वाळल्यावर पत्र्यावर पांढरे ठिपके, गोल किंवा ओघळ उरता कामा नयेत. गाडी नेक्सा ब्लू रंगाची बलेनो. गडद निळ्यावर क्षार जसा उठून दिसतो तसा पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर दिसत नाही. तिथेही असतोच, पण नजरेत भरत नाही, म्हणून त्या गाड्यांचे मालक सुखी.

जागा: बावधन, उघडं पार्किंग. सूर्य बी विंगच्या गच्चीवर आला की पावणेआठच्या सुमारास बॉनेटवर ऊन पडतं. त्याआधी सगळं आटपलं पाहिजे.

सोसायटीत गाड्यांना पाइप लावायला बंदी आहे, बादली चालते. उन्हाळ्यात टँकरच्या बिलावरून मीटिंगमध्ये जी भांडणं होतात ती पाहता बंदी योग्यच आहे. टाकीत तीन ठिकाणचं पाणी एकत्र येतं: महापालिकेचं, बोअरचं, आणि कमी पडलं की टँकरचं. कुठल्या दिवशी कशाचा भरणा जास्त, हे वॉचमनकाकांना विचारल्याशिवाय कळत नाही.

आजची स्थिती. बॉनेट आणि छतावर मसुराएवढे गोल, कडा पांढरी आणि मध्ये स्वच्छ. दोन्ही आरशांखाली ओघळ. दारांच्या हँडलखाली ओघळ. पेट्रोलच्या झाकणाखाली एक लांबलचक रेघ. मागची काच सगळ्यात वाईट, नख लावलं तरी डाग हलत नाहीत.

सोसायटीतल्या निम्म्या गाड्या रोज सकाळी मामा पुसतात. एक बादली, एक फडकं, आणि तासाभरात पंधरा-वीस गाड्या. आमची गाडी त्यांच्याकडे आठवड्यातले सहा दिवस, रविवारी माझ्याकडे. डागांचं विचारलं तर म्हणाले, "ताई, डाग पाण्याचा हाय. फडकं काय करणार त्याला?" मला आत्तापर्यंत फडकंच दोषी वाटत होतं. आधी पाणी तपासायचं ठरलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्रीची सुट्टी. काल तपकीर गल्लीतून पेनाएवढा टीडीएस मीटर आणला होता, आज घरभर फिरवला. हा मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. नेमका कुठला क्षार, ते तो सांगत नाही. आपल्या कामाला पुरे.

सोसायटीच्या टाकीचं पाणी: ४३०. आरओचं पिण्याचं: ४०. आरओच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं: ५९०. दुपारी सदाशिव पेठेत बाबांकडे गेले, तिथल्या नळाचं: ८५. बाबांच्या घरी खडकवासल्याचं पाणी येतं, म्हणजे धरणात साठलेलं पावसाचं. आमच्या बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या फटीफटीतून मुरत खाली गेलेलं असतं, त्यामुळे वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडी सिलिका घेऊन येतं. शहर एकच, पण बाबांच्या स्कूटरवर डाग पडत नाहीत आणि आमच्या गाडीवर पडतात, याचा उलगडा इथेच झाला. बाबांचं मत वेगळं होतं: "आम्ही गाडी नीट पुसतो."

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००:२०१२, टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत इष्ट धरतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे आमचं ४३० पोटाला चालतं. गाडीच्या रंगाला ते चालेल असं मानकात कुठेच म्हटलेलं नाही.

थोडा हिशेब. ४३० म्हणजे लिटरमागे ०.४३ ग्रॅम क्षार. पंधरा लिटरच्या बादलीत साडेसहा ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट एक चमचा मिठाइतका. पुसल्यानंतर गाडीवर शंभर मिलिलिटर पाणी राहून वाळलं तर त्यातले ४३ मिलिग्रॅम क्षार पत्र्यावरच राहतात. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. त्यामुळे पत्र्यावर वाळू द्यायच्या पाण्यात क्षार किती आणि ते पाणी मुळात किती, या दोनच गोष्टींना महत्त्व. पहिली गोष्ट पाण्याने सुटेल, दुसरी फडक्याने. मामा आणि मी दोघंही अर्धे बरोबर.

रविवार, २ मार्च

गाडीवर काही करण्याआधी बाथरूमच्या कामातून उरलेल्या काळ्या चकचकीत फरशीवर प्रयोग. ड्रॉपरने एकेक थेंब: टाकीचं, आरओचं, आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं, बाबांकडून बाटलीत आणलेलं, आणि गॅरेजमधून आणलेलं बॅटरी वॉटर, म्हणजे गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. फरशी बाल्कनीत उन्हात.

टाकीच्या पाण्याचा थेंब भिंगातून पाहत बसले. सुरुवातीला घुमटासारखा उभा असतो. मग उंची कमी होते, पण कड जागची हलत नाही, पहिल्या क्षणी जिथे टेकली तिथेच चिकटून राहते. कडेला पाण्याचा थर पातळ, त्यामुळे तिथलं पाणी आधी उडतं, आणि ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहत राहतं. जाताना क्षार बरोबर नेतं. शेवटी मधला भाग जवळजवळ स्वच्छ आणि कडेला पांढरी रेघ. बॉनेटवरचे गोल असे का दिसतात ते डोळ्यांदेखत कळलं.

बाबांच्या पाण्याचा डाग तिरका धरला तरच दिसतो. आरओचा जेमतेम. बॅटरी वॉटरचा थेंब कुठे टाकला होता ते खडूने खूण केली नसती तर सापडलं नसतं. वाया जाणाऱ्या नळीच्या पाण्याचा डाग दारातूनच दिसतो. सोसायटीत पुष्कळ घरी हेच पाणी बादलीत साठवून गाडी धुवायला देतात, पाणी वाचतं म्हणून. वाचतं हे खरं, पण ते गाडीवर शेवटी पडता कामा नये. आधी चालेल.

मग ओल्या बोटाने डाग चोळून पाहिले. टाकीच्या पाण्याचा पुसट झाला, वाळल्यावर परत तसाच. कारण बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी आटताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं, जे पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. गीझरच्या कॉइलवर बसतो तो थर हाच. म्हणून एकदा वाळलेला डाग ओल्या फडक्याने निघत नाही. जे करायचं ते थेंब ओला असताना.

शुक्रवार, ७ मार्च

काल गुरुवार, महापालिकेचं पाणी बंद. आज नेहमीप्रमाणे "उशिरा व कमी दाबाने". काल दुपारपासून टाकीत टँकर रिकामे होत होते. आज सकाळचं रीडिंग ६१०.

गाडी शुक्रवार-शनिवारी धुवायची नाही, रविवारी धुवायची, तीही मीटर लावून. ५०० च्या वर असेल तर त्या दिवशी नुसती धूळ झटकायची.

रविवार, ९ मार्च

आज फडक्यांचा दिवस.

आत्तापर्यंत गाडीवर काय काय फिरलं: जुना बनियन, नवऱ्याचा फाटका टॉवेल, पिवळा रबरासारखा शॅमी, आणि सिग्नलवर विकतात ती नारिंगी कापडं. सगळी एकेका दारावर, तितकंच पाणी ओतून, वापरून पाहिली.

बनियन पाणी घेतो पण सगळं घेत नाही. मागे पातळ ओलावा सोडतो आणि तोच वाळून धुरकट पट्टे उमटतात. शिवाय शिवणीची गाठ पत्र्याला लागते. शॅमी पाणी भरपूर ओढतो आणि पिळला की लगेच कोरडाही होतो, पण त्याचा पृष्ठभाग सपाट आहे. धुळीचा एखादा कण राहिला असेल तर त्याला आत शिरायला जागा नाही, तो शॅमी आणि रंगाच्या मध्ये फरपटत जातो. निळ्या गाडीवर उन्हात दिसणारं बारीक ओरखड्यांचं जाळं असंच तयार होतं. काचेला शॅमी उत्तम, पत्र्याला नको. सिग्नलवरच्या नारिंगी कापडाने पाणी घेतलंच नाही, इकडून तिकडे ढकललं.

नाना पेठेत गाडीच्या सामानाच्या गल्लीत दोन प्रकारचे मोठे मायक्रोफायबर टॉवेल मिळाले. एक चौकटी-चौकटीच्या विणीचा, दुसरा पिळदार धाग्यांच्या झुपक्यांचा, हातात जड. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा घ्या, जीएसएम जास्त आहे." जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, जास्त वजन म्हणजे पाणी मावायला जास्त जागा. कापड पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडचं. धागा इतका बारीक चिरलेला असतो की पाणी धाग्यांमधल्या फटींत ओढलं जातं, पिळल्याशिवाय सुटत नाही.

कोरा टॉवेल पहिल्या दिवशी पाणी घेत नाही. आधी एकदा साध्या डिटर्जंटमध्ये धुवून घ्यायचा. कपड्यांना मऊपणा आणि वास यावा म्हणून शेवटी घालतात ते कंडिशनर मात्र अजिबात नको, त्याचा लेप धाग्यावर बसतो आणि पाणी ओढण्याची ताकद जाते. सुती कपड्यांबरोबर धुतला तर त्यांचा सगळा भुसा गोळा करतो. म्हणजे घरात आणखी एका गोष्टीसाठी वेगळी बादली. सासूबाईंनी ती बादली पाहिली आणि काही बोलल्या नाहीत, यातच सगळं आलं.

निकाल: पिळदार टॉवेल छताला आणि बॉनेटला, चौकटीचा काचांना आणि शेवटच्या हाताला. चाकांना आणि दारांच्या खालच्या पट्टीला जुना बनियन, त्याने वर यायचं नाही.

पुसायची रीतही बदलली. टॉवेल पूर्ण उलगडून बॉनेटवर पसरायचा, दोन टोकं धरायची आणि आपल्याकडे सावकाश ओढायचा. जोर लावायचा नाही, टॉवेलचं स्वतःचं वजन पुरतं. टीपकागद शाईवर ठेवल्यासारखं, घासायचं नाही, टिपायचं. एका ओढीत बॉनेटची अर्धी बाजू कोरडी झाली आणि मी उगाचच दुसऱ्यांदा ओढून पाहिलं, काही उरलंय का म्हणून.

शनिवार, १५ मार्च

टॉवेलला काम कमी पडावं यासाठी धुतानाच पाणी कमी कसं उरेल, त्याचा आज सराव. रीडिंग ४९०, पण आज डागांचं बघायचं नव्हतं, पाणी कसं वाहतं तेवढंच बघायचं होतं.

मगाने सपकन पाणी मारलं की ते फुटतं आणि हजार थेंब होऊन बसतं. तोच मग पत्र्याजवळ नेऊन, वरच्या कडेने, धार न तुटता सावकाश ओतला तर पाण्याची सलग चादर खाली सरकते आणि वाटेतले सुटे थेंब स्वतःत ओढून नेते. पाण्याला पाण्याशी जोडलेलं राहायचं असतं, आपण मध्ये हवा घालायची नाही. दारांवर हे फार छान जमतं. छत जवळजवळ सपाट असल्याने तिथे तितकं नाही. पाइप असता तर पुढची तोटी काढून उघड्या तोंडाने हेच केलं असतं. आमच्याकडे तांब्या आहे. तांब्याचं तोंड गोल आणि काठ बाहेर वळलेला, धार मगापेक्षा चांगली पडते.

वॅक्सबद्दल. गेल्या महिन्यात उजव्या बाजूला वॅक्स लावलं होतं, डावी बाजू तशीच. वॅक्सवर पाणी मोत्यांसारखं उभं राहतं, फोटोला सुंदर. पण मोती तसाच वाळू दिला तर त्यातला सगळा क्षार लहानशा जागेत साठतो आणि डाग ठसठशीत होतो. बिनवॅक्सच्या बाजूला पाणी पसरतं आणि वाळल्यावर एकसारखा धुरकट थर येतो, तो दिसतो कमी. "वॅक्स लावा म्हणजे डाग पडणार नाहीत" असं जे सांगतात त्यात अर्धी गोष्ट राहून जाते. वॅक्सवरून चादर चटकन घसरते आणि टॉवेलला थोडंच उरतं, हा फायदा खरा. पुसायचं टाळता येत नाही.

गुरुवार, २० मार्च

काल रंगपंचमी. पार्किंगमध्ये मुलांनी जे करायचं ते केलं. गुलाबी ओघळ पाण्याने गेले, रबराच्या बीडिंगमध्ये शिरलेला रंग राहिला. डागांच्या प्रकल्पाशी याचा संबंध नाही, पण गाडी आठवड्याच्या मध्ये धुवावी लागली आणि टाकी ५२० होती. नियम मोडला, डाग पडले. अपेक्षित.

रविवार, ३० मार्च

पाडवा. सहालाच खाली उतरले. सोसायटीत दोन नव्या गाड्या आल्या आहेत, दोन्हींना झेंडूचे हार आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. आमच्या जुन्या गाडीलाही हार हवाच, त्यामुळे ती आज चकचकीत दिसणं ही प्रकल्पापेक्षा घरची मागणी जास्त.

रीडिंग ३८०. तांब्याने चादर, पिळदार टॉवेल, मग चौकटीचा. छतापासून खाली: छत, काचा, बॉनेट, डिकी, मग दारं. पावणेआठला ऊन आलं तेव्हा वरचे सगळे भाग कोरडे होते. आरशांखाली आणि हँडलखाली मात्र पुन्हा ओघळ. हे पाणी येतं कुठून ते पुढच्या वेळी बघायचं.

चौथ्या मजल्यावरचे काका गुढी उभारून खाली आले. "अगं, उन्हात धुऊ नये. थेंब भिंगाचं काम करतात, रंग जळतो." काकांचा सल्ला बरोबर, कारण चूक. सपाट पत्र्यावर बसलेल्या थेंबाने किरण एकत्र केले तरी त्यांचा केंद्रबिंदू पत्र्याच्या बराच खाली पडतो, पत्र्यावर पडत नाही. उन्हाचा तोटा दुसरा: तापलेल्या बॉनेटवर टॉवेल पोचायच्या आत पाणी आटतं. आणि आधी पडलेले डाग तापून वरच्या पारदर्शक थराला खात जातात, मग ती नुसती पुसायची बाब राहत नाही. हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे उन्हात धुऊ नये, हेच ना?"

हेच. पुरणपोळीला बोलावलंय.

रविवार, १३ एप्रिल

आता पाण्याचा भाग. सगळी गाडी आरओच्या पाण्याने धुणं वेडेपणा आहे, पण सगळी धुवायची गरजच नाही. टाकीच्या पाण्याने धुऊन घेतल्यावर, ते पाणी वाळायच्या आत, कमी क्षाराच्या पाण्याने फक्त खंगाळलं तर पत्र्यावर उरणारं पाणी बरंचसं चांगलं पाणी असतं. कुंड्यांना फवारायचा हाताने हवा भरायचा दोन लिटरचा पंप घरात होता, तो घासून धुऊन घेतला. (त्यात कधीही औषध भरलेलं नसावं, हे महत्त्वाचं.)

चांगलं पाणी कुठलं, याची चाचपणी:

बॅटरी वॉटर सगळ्यात शुद्ध, पण दर रविवारी विकत आणायचं म्हणजे गाडीचे चोचले. एसीच्या नळीतून गळणारं पाणी जवळपास डिस्टिल्डच असतं, मीटरवर १४. बाल्कनीत बाटली लावली. हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून ते तयार होतं, त्यामुळे एप्रिलच्या कोरड्या हवेत रात्रभरात तळ झाकण्यापुरतंच मिळालं. कॉइलवरची धूळही उतरते, म्हणून दुहेरी मलमलीतून गाळलं. जून-जुलैत मुबलक मिळेल, पण तेव्हा गाडी धुवायला पाऊस आहेच. सॉफ्टनर बसवलेल्या शेजाऱ्यांनी त्यांचं पाणी देऊ केलं. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो, म्हणून मीटरचा आकडा जवळजवळ तोच राहतो. डाग पडतोच, पण कठीण कार्बोनेटचा नसल्याने ओल्या फडक्याने निघतो. वाईट पर्याय नाही.

शेवटी घरचं आरओ. दोन लिटर काढताना चार-पाच लिटर बाजूच्या नळीतून जातं, ते बादलीत धरलं आणि त्यानेच पहिली धूळ, चाकं आणि मडगार्डच्या आतली बाजू धुतली. मग टाकीचं पाणी आणि शॅम्पू, मग टाकीच्या पाण्याची चादर, मग पंपाने आरओचा फवारा, एकेका भागावर, वरून खाली. टॉवेल लगेच मागोमाग.

बॉनेट वाळल्यावर बॅटरी लावून तिरकं पाहिलं. गोल नाहीत. डाव्या कडेला, जिथे फवारा नीट पोचला नव्हता, तिथे चार-पाच ठिपके. तेवढ्यावरून कळलं की फरक फवाऱ्याने पडलाय, टॉवेलने नव्हे.

रविवार, २७ एप्रिल

दडलेलं पाणी. गाडी पूर्ण कोरडी करून आत चहाला गेले, आणि परत येईपर्यंत आरशाखालून नवा ओघळ. आरशाच्या काचेमागे पोकळी आहे, तिथे पाणी साठतं आणि सावकाश गळतं. तशाच जागा: दारांची हँडलं, पेट्रोलचं झाकण, मागच्या दिव्यांच्या फटी, नंबरप्लेटच्या वरची पट्टी, डिकीवरच्या अक्षरांच्या मागे, खिडकीच्या बीडिंगमध्ये. हे पाणी टाकीचंच असतं, फवारा तिथे पोचत नाही.

कॉम्प्युटरची धूळ उडवायचा हातातला ब्लोअर लावला. आरशाच्या फटीत वारा मारला की चमचाभर पाणी बाहेर येतं, खरंच इतकं. पण सकाळी साडेसहाला त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. नाव न घेता, अर्थात.

बिनआवाजाचा उपाय: चारही दारं आणि डिकी एकदा उघडून बंद करायची, आरसे मिटून उघडायचे, पेट्रोलचं झाकण उघडून आतला खळगा टिपायचा. मग गाडी काढून एनडीए रस्त्याला एक फेरी. वाऱ्याने आणि खड्ड्यांनी उरलेलं पाणी बाहेर येतं. (पुण्यातल्या खड्ड्यांचा हा एकमेव उपयोग मला सापडलाय.) परत आल्यावर चौकटीच्या टॉवेलने ओघळ टिपायचे. या फेरीचा आणखी एक फायदा: ब्रेक दाबत गेलं की डिस्क कोरड्या होतात. धुऊन तशीच उभी ठेवलेल्या गाडीच्या डिस्कवर दुसऱ्या दिवशी गंजाची तांबूस साय दिसते, ती मग दिसत नाही.

रविवार, ४ मे

जुने डाग. नवे पडायचे थांबले, म्हणून आता याला हात घातला.

साधं पांढरं व्हिनेगर, त्यात तितकंच पाणी. कार्बोनेटला आम्ल लागलं की ते विरघळतं. सावलीत, गार पत्र्यावर, मऊ कापडाला लावून डागावर अर्धा मिनिट ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं आणि आरओने खंगाळायचं. क्रोमच्या पट्टीपासून लांब. वॅक्स असेल तर तेही पातळ होतं, ते परत लावायचं.

बॉनेटवरचे बहुतेक गोल गेले. छतावरचे काही राहिले, त्यांच्यावरून बोट फिरवलं तर काही लागत नाही, पण तिरक्या उजेडात खळगा दिसतो. म्हणजे तिथे डाग वर नाही, थर खाल्ला गेलाय. ते पॉलिशचं काम, व्हिनेगरचं नाही. मागच्या काचेवर व्हिनेगरचा काहीच परिणाम नाही. तिथे सिलिका बसली असावी, तिला हे आम्ल काही करत नाही. काचेचं पॉलिश वेगळं मिळतं, बघू.

रविवार, १८ मे

काल संध्याकाळी वळवाचा पाऊस. गाडीभर मातीचे ठिपके. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, पण पहिला पाऊस हवेतली धूळ घेऊन उतरतो. हे डाग ओल्या टॉवेलने जातात, मात्र आधी पाणी ओतून माती सोडवायची, कोरडं पुसायचं नाही.

सकाळी मामा आले तेव्हा मी फवारत होते. पंप हातात घेऊन बघितला, टॉवेल बघितला. "एवढं मला न्हाई जमायचं, ताई. इस गाड्या हायेत." बरोबर आहे. त्यांना पूर्ण पद्धत नको, त्यातलं जे रोज चालेल तेवढंच हवं. म्हणून ठरलं ते असं: आमच्या गाडीला ओलं फडकं नाही. धूळ जास्त असेल तर आरओच्या पाण्याची एक बाटली मी जिन्याखाली ठेवेन, त्यात टॉवेल भिजवून घट्ट पिळायचा आणि फक्त काचा आणि बॉनेट. बादलीतलं पाणी आमच्या गाडीला नाही. टॉवेल त्यांना एक जास्तीचा दिला. संध्याकाळी पाहिलं तर तो वॉचमनकाकांच्या खुर्चीवर वाळत होता, सावलीत, नीट झटकून. शेजारच्या पांढऱ्या गाडीच्या मालकाने त्यांना विचारलं म्हणे, हा टॉवेल कुठून आणला.

बाकी राहिलेलं: छताचं पॉलिश, मागची काच, एसीच्या नळीला मोठा कॅन. जूनमध्ये कॅन भरायला लागला की आरओ बंद करून फवाऱ्याला तेच पाणी.